पाच मिनिटांचं औषध

मी विश्रांतवाडीत राहते आणि गेली कित्येक वर्षं शाळेत पी.टी. शिकवते. 'सावधान' म्हटलं की अख्खं मैदान ताठ आणि 'विश्राम' म्हटलं की ढिलं, अशी माझी ख्याती आहे. घरचे म्हणतात की घरातही मी असंच बोलते. त्यात तथ्य आहे.

हे लिहायचं कारण एवढंच, की मला जे झालं ते अगदी निरोगी माणसाला होऊ शकतं. सर्दी नाही, ताप नाही, शुगर नाही, बीपी नाही. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि एक दिवस कळतं तेव्हा तुम्ही टेबलावर आडवे असता. मी घाबरवायला बसलेले नाही. ज्याला अंगातली खोड माहीत आहे त्याला भिण्याचं फारसं कारण नाही, हेच सांगायचंय.

खांदा

भाचीच्या साखरपुड्यासाठी मोठी परात हवी होती. परात माळ्यावर. जेवून उठले आणि लगेच स्टुलावर चढले. मुलांना मी रोज सांगते, जेवल्यावर उड्या मारू नका. स्टूल हललं, मी पडले आणि उजवा खांदा निखळला. परात वरच राहिली.

हॉस्पिटलात आधी तसाच ओढून बघितला. मी जी किंकाळी फोडली ती ऐकून डॉक्टरच दचकले. मग ठरलं, थोडी भूल देऊ, अंग सैल पडलं की खांदा आपसूक बसेल. पोट भरलेलं असल्यामुळे घशात नळी घालावी लागेल, त्यासाठी स्नायू झटकन सैल करणारं एक औषध देऊ, तेही पाच मिनिटांत उतरतं. "पाच मिनिटांचं काम आहे हो," असं माझ्या नवऱ्याला, विलासला सांगितलं गेलं. पुण्यात पाच मिनिटांत रिक्षासुद्धा मिळत नाही, पण आमचा विश्वास बसला.

जागी

मी जागी झाले तेव्हा कुणीतरी ट्रॅफिकबद्दल बोलत होतं. कुठल्याशा चौकात सिग्नल बंद होता आणि हवालदार झाडाखाली उभा होता. मला ते नीट ऐकू येत होतं. मी डोळे उघडायला गेले. उघडले नाहीत.

पापणी उचलायची म्हणजे काही डोंगर उचलायचा नसतो. पण मी हुकूम सोडत होते आणि खाली कुणी ऐकतच नव्हतं. बोट हलवून बघितलं, जीभ, पायाचा अंगठा. काहीच नाही. मग लक्षात आलं की मी श्वासही घेत नाहीये. हवा आत येत होती, बाहेर जात होती, पण ती माझ्या मर्जीनं नाही. मला खोल श्वास हवा होता आणि तो येत नव्हता. खांदा दुखत होता, तोही कळत होता.

मला वाटलं मी मेले. मेल्यावरही पुण्याच्या ट्रॅफिकबद्दलच ऐकावं लागत असेल, तर इतकी वर्षं नियमानं वागून काय मिळवलं, असाही विचार येऊन गेला. आज हसू येतं. तेव्हा मी इतकी भ्यायले होते, की तशी भीती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती आणि नंतरही नाही. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला तोंडच नव्हतं.

तेवढ्यात ट्रॅफिकच्या गप्पा तोडून एका बाईंचा आवाज आला, "थांबा, थांबा. पल्स बघा. डोळ्यांतून पाणी येतंय. या जाग्या आहेत."

मग कपाळावर एक गरम तळवा टेकला आणि तोच आवाज कानाशी आला. "सुजाताताई, मी डॉक्टर शेख, भूल देणारी. तुम्ही जाग्या आहात हे मला कळलंय. तुम्हाला हलता येत नाहीये, कारण एक औषध अजून उतरलेलं नाही. श्वास आम्ही देतोय. औषध नक्की उतरणार आहे. आता मी तुम्हाला पुन्हा झोपवते, आणि उतरेपर्यंत मी इथून हलणार नाही."

'मला कळलंय' हे दोन शब्द. आजारपणात माणसाला दुसरं काय हवं असतं? मी झोपले.

फट

शुद्धीवर आले ती आयसीयूत, संध्याकाळी. पहिला स्वतःचा श्वास मी असा ओढला की नर्स धावत आली. अंग असं दुखत होतं, जणू कुणी मला दिवसभर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. खांदा मात्र जागेवर बसला होता.

डॉक्टर शेख खरंच तिथे होत्या. लहान चणीच्या, डोळ्यांखाली काळं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी खुर्ची ओढून मला सगळं समजावलं. ते मी जसं समजले तसं सांगते.

मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो, पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये बारीकशी फट असते. नस त्या फटीत एक रसायन सोडते, ते पलीकडे पोचलं की स्नायू हलतो. मला दिलेल्या औषधाचं नाव सक्सिनिलकोलीन. ते त्या रसायनासारखंच दिसतं. पलीकडे जाऊन ते जागा पकडून बसतं, स्नायू एकदा थरथरतो आणि मग गप्प होतो. श्वासाचे स्नायूही त्यात आलेच. म्हणून तेवढा वेळ यंत्रानं श्वास द्यायचा.

"पण हे औषध भूल नाही," त्या म्हणाल्या. "ते वेदना थांबवत नाही, शुद्ध घालवत नाही. फक्त स्नायू गप्प करतं. झोपेचं औषध वेगळं दिलं होतं, ते वेळेवर उतरलं. हे उतरलं नाही."

"का?"

"आपल्या रक्तात एक एन्झाइम असतं, ते याला पटापट तोडतं. तुमच्या रक्तात ते आहे, पण काम करत नाही."

"म्हणजे सही करून गायब," मी म्हणाले. "आमच्याकडे आहेत असे एक-दोन."

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग मी विचारलं, याला उतारा नाही का? "याला वेळ हाच उतारा. पण दुसऱ्या जातीची औषधं आहेत. ती त्या फटीतली जागा नुसती अडवून बसतात. जंगलातले लोक शिकारीला बाणाच्या टोकाला जे विष लावायचे, त्याच घराण्यातली. ती जास्त वेळ टिकतात, पण त्यांना आता चांगला उतारा आहे. तुम्हाला ती चालतील. सक्सिनिलकोलीन मात्र आयुष्यभर नाही."

शेजारच्या बाईंनी नंतर काळजीनं विचारलं, मग कंबरदुखीच्या गोळ्याही बंद का, त्यांनीही स्नायू सैल पडतात म्हणे. तेही मी विचारून घेतलं. त्या गोळ्यांचं काम मेंदूत आणि मणक्यातल्या नसांत चालतं, या फटीशी त्यांचा संबंध नाही. शेजारच्या बाईंचा जीव भांड्यात पडला, कारण गोळ्या त्याच खात होत्या.

नातेवाईक म्हणाले, केस करा. विलासही दोन दिवस त्याच विचारात होता. मी म्हटलं, जे मलाच माहीत नव्हतं ते त्यांना कुठून कळणार? आणि जिनं मला ओळखलं, तिच्यावर केस?

घरी आल्यावर बरेच दिवस मी झोपेला टाळत होते. जाग आली की आधी पायाचे अंगठे हलवून बघायचे. माझी चाहूल लागली की विलास अंधारातच विचारायचा, "हलतायत ना?" मी "हो" म्हटलं की कूस बदलायचा. आमच्या लग्नात यापेक्षा प्रेमाचं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

घरातलं नातं

हॉस्पिटलातून सोडण्याआधी डॉक्टर शेख यांनी दोन प्रश्न विचारले होते. पहिला, "नात्यात लग्नं झालीयत का?"

इथे आमच्या घराची गोष्ट सांगायला हवी. माझी आई माझ्या वडिलांची मामेबहीण. विलास माझा आतेभाऊ. म्हणजे माझी सासू ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण, आणि तिला मी आजही आत्याच म्हणते. आमच्याकडे हे जुनंच. धम्म स्वीकारला, शिकलो, सरकारी नोकऱ्या केल्या, पण मुलगी द्यायची वेळ आली की आधी मामाकडे नाही तर आत्याकडे बघायचं. मुलगी डोळ्यांसमोर राहते आणि हुंडाबिंड्याची भानगड नाही. मला त्याचा पस्तावा नाही. फक्त अशा घरात रक्तातली एखादी खोड फिरून फिरून घरातच येते.

दुसरा प्रश्न होता, "घरात कुणाला भुलीचा काही त्रास झाला होता?"

आत्या माझ्या उशाशी उभी होती. ती लगेच म्हणाली, "नाही हो. कुणालाच नाही. आमचं घराणं एकदम ठणठणीत."

डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या मुलीची तपासणी करून घ्या, नात्यामुळे विलासच्याही रक्तात ही खोड लपलेली असेल, तर तिला हे असण्याची शक्यता अर्धी-अर्धी आहे. प्रज्ञा आयटीत आहे, लग्न होऊन धायरीला राहते. ती म्हणाली, "आई, नेक्स्ट मंथ करते ना, आत्ता रिलीज आहे." रिलीज संपलं आणि तिला दिवस गेले. आता डॉक्टर शेख म्हणाल्या, गरोदरपणात हे एन्झाइम तसंही कमी होतं, आकडा फसवा येईल. बाळंतपणानंतर करू. तोवर तिला आहे असंच धरून चाला.

मी धरून चालले. तिचं नाव घातलं होतं त्या आमच्या बाजूच्या हॉस्पिटलात सांगितलं. जावयाला, संकेतला सांगितलं. राहिली व्याहीण, सुमनताई. त्यांना सांगायचं म्हटल्यावर आत्या माझ्यावर तुटून पडली.

"मुलीच्या सासरी जाऊन रक्तात खोट आहे म्हणून सांगणार? उद्या पोराला साधा खोकला झाला तरी म्हणतील, आईकडून आलं."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय? ऐकून तिला घ्यायचंय."

प्रज्ञाही तिच्याच बाजूनं. "आई, प्लीज, डोहाळजेवणात ड्रामा नको. संकेतला माहितीये, इनफ आहे."

मला ते इनफ वाटत नव्हतं. संकेत महिन्यातून चारदा बंगळूरला जातो. घरात चोवीस तास असतात त्या सुमनताई. त्या पहाटे मंडईत पालेभाजीच्या गाळ्यावर जातात, पण दुपारपर्यंत परत.

डोहाळजेवण

वंदना झाली, ओटी भरली, फोटो झाले. पंगत बसायच्या आधी मी सुमनताईंना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून सगळं सांगितलं. औषधाचं नाव सांगितलं. माझं काय झालं होतं तेही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "पोरगी देताना न्हाय बोलला त्ये."

"देताना मलाही माहीत नव्हतं, ताई."

"आसंल." एवढंच. त्या बाहेर गेल्या, पानावर बसल्या, दोन घास खाऊन उठल्या. मी दिलेली साडी घडी न उघडता पिशवीत टाकली. त्यानंतर त्यांचा एकही फोन नाही. मी केला तर "बरी हाय पोरगी" म्हणून ठेवून द्यायच्या.

आत्या म्हणाली, "झालं समाधान?"

नाही झालं. त्या दिवसांत मला खरंच वाटलं की मी लेकीचं सासर नासवलं. आजारपणात शरीर बरं होतं, माणसं कधीकधी होत नाहीत. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर मी पुन्हा दार लोटून तेच सांगितलं असतं.

धायरी

आठव्या महिन्याच्या शेवटी प्रज्ञाला माहेरी आणायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच, एका दुपारी सुमनताईंचा फोन आला. "ताई, निघा. पोरीच्या अंगावरनं लई रक्त जातंय. जवळच्या दवाखान्यात नेतोय." फोन बंद.

कुठल्या दवाखान्यात? मी लावत राहिले, त्या उचलेनात. प्रज्ञाचा फोन नुसता वाजत होता. संकेत बंगळूरला, विमानतळाच्या रस्त्यावर, त्यालाही पत्ता ठाऊक नाही. आम्ही गाडी काढली. विलास चालवत होता, आत्या मागे. इतकं रक्त जातंय म्हणजे तातडीनं पोट उघडणार, पूर्ण भूल देणार, आणि घाईच्या भुलीत कुठलं औषध आधी हातात येतं हे मला आता चांगलं माहीत होतं. विश्रांतवाडीहून धायरी म्हणजे सगळं पुणं ओलांडायचं. प्रत्येक सिग्नल आमच्यासाठीच लाल होत होता.

प्रज्ञाच्या शेजाऱ्यांनी शेवटी दवाखान्याचं नाव कळवलं. मी तिथे फोन लावला तर 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' आणि पेटीचं संगीत. मी फोनवर ओरडायला लागले. त्या यंत्रावरच ओरडत होते.

मागून आत्याचा आवाज आला. बारीक, तिचा नव्हेच असा. "गौतम असाच गेला."

"कोण गौतम?"

"माझा धाकटा भाऊ. शाळेत जायचा. टॉन्सिल काढायला नेला होता. टेबलावरून उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, श्वास आलाच नाही परत. आई म्हणाली, बाहेर कुणाला बोलायचं नाही, पोरींची लग्नं व्हायचीत. ताप आला होता म्हणून सांगायचं. आम्ही तेच सांगितलं. तुझ्या वडिलांनीही."

विलासनं आरशातून आईकडे बघितलं. बोलले असते तर फार वाईट बोलले असते. एक मूल याच औषधानं गेलं असेल, आणि डॉक्टर समोर उभं राहून विचारत असताना ही 'ठणठणीत' म्हणाली होती. मला तिचा संताप आला. आणि ती मागे पदर तोंडात धरून बसली होती, तेव्हा तिची दयाही आली. दोन्ही एकदमच.

दवाखान्यात पोचलो. ऑपरेशन थिएटरचं दार बंद. दाराशी सुमनताई जमिनीवर बसलेल्या, लुगडं रक्तानं भिजलेलं.

"ताई, भूल..."

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "समद्यांना सांगितलं. गेटवरच्याला, नर्सबाईला, पोट कापनाऱ्या डाक्टरीनीला. त्या म्हनत्यात, आजी बाजूला व्हा, येळ न्हाय. म्या स्ट्रेचरचा दांडाच धरला. म्हनलं, भुलीचा डाक्टर माझ्याशी बोलल्याबिगर पोरगी आत जानार न्हाय. मग आला त्यो. त्याला म्हनलं, सक्सिनिलकोलीन द्यायाचं न्हाय, हिच्या आईला उतरलं नव्हतं. त्यो थांबला. म्हनला, आजी, परत सांगा. परत सांगितलं."

"तुम्हाला नाव पाठ होतं?"

"संकेतकडनं बोलून घेतलं धा डाव." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला राग आला व्हता, ताई. राग आला म्हनून काय कानानं ऐकू येत न्हाय व्हय?"

मी त्यांच्याशेजारी फरशीवरच बसले. त्यांनी माझा हात धरला. भाजीच्या जुड्या बांधून राठ झालेला हात होता, तो मी सोडला नाही.

दार उघडलं. तरुण डॉक्टर बाहेर आला, कपाळावर घाम. "मुलगी झाली. बाळ लहान आहे, काचेत ठेवलंय, पण छान रडलं. आईही बरी आहे. दुसरं औषध दिलं, उताराही दिला. स्वतःचा श्वास घेतायत. मी डोकं उचला म्हटलं, लगेच उचललं." मग तो सुमनताईंकडे वळला. "आजी, ते इंजेक्शन मी भरून ठेवलं होतं."

मैदानावर मी कधी रडलेली नाही. तिथे रडले, सगळ्यांसमोर, नाक पुसत.

नंतर

बाळ काही दिवसांनी काचेतून बाहेर आलं. प्रज्ञाची तपासणी यथावकाश झाली. निघायचं तेच निघालं, थेट माझ्यासारखं. डॉक्टर शेख म्हणाल्या, आता माहीत आहे ना, मग झालं. नात मोठी झाली की तिचंही बघू. ज्या घरात हे आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ते लपवण्यासारखं काही नाही. औषधाचं नाव घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी असू द्या, मुलीच्या सासरच्यांच्या तर आधी. राग येईल. येऊ द्या.

आत्याशी मी बरेच दिवस कामापुरतं बोलत होते. ती काही समजूत काढायला आली नाही, तिचा तो स्वभावच नाही. मग एका सकाळी ती पोळ्या अर्ध्यावर सोडून उठली. तिच्या नाशिकच्या भाचीच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरल्याचं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिनं माझाच फोन मागितला, नंबर लावून घेतला आणि खिडकीशी उभी राहिली.

"जय भीम. ऐक, पोराला आत न्यायच्या आधी डॉक्टरला सांग, आपल्या घरात एक जण भुलीतून उठला नव्हता. औषधाचं नाव सुजाता सांगेल, लिहून घे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आत्यानं पदराला हात पुसले, ते कोरडेच होते.

"गौतम. माझा सख्खा भाऊ," ती म्हणाली. "नाही गं. ताप नव्हता आला त्याला."